हॅक झालेला लिनक्स सर्व्हर: आधी वाट शोधा, मग नव्याने उभारा

सर्व्हर हॅक झाल्याचं कळलं की हात आधी रीबूटकडे जातो. तेवढं टाळा. घुसखोराचे बरेच प्रोग्राम एकदा चालू झाले की डिस्कवरची स्वतःची फाइल पुसतात आणि नुसते मेमरीत राहतात. मशीन चालू आहे तोवर 'प्रॉक' या (चालू प्रोसेसची माहिती असलेल्या) डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली असलेल्या 'एक्सई' लिंकवरून ती फाइल कॉपी करता येते. रीबूट केलंत की पुरावा गेला.

नेटवर्क मात्र लगेच तोडा, आणि तेही बाहेरून. होस्टिंगच्या फायरवॉलमध्ये येणारी-जाणारी दोन्ही ट्रॅफिक बंद करून फक्त तुमच्या आयपीसाठी २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे एसएसएचने दुरून लॉगिन करायची वाट, ठेवा. लॉगिन करताना एसएसएच एजंट फॉरवर्डिंग (तुमची की त्या सर्व्हरवरूनही वापरू देणारी सोय) बंद हवं. नाहीतर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, मिळवलेला माणूस तुमच्याच कीने बाकीच्या मशीनवर पोहोचेल. चालू प्रोसेस आणि कनेक्शनची यादी दुसरीकडे उतरवून घ्या, मग डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घ्या.

इथून पुढे त्या सर्व्हरच्या कमांडवर भरवसा ठेवू नका. सीपीयू १०० टक्के, पण 'टॉप'मध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) प्रोसेसच दिसत नाही, असं असेल तर 'ईटीसी'मधली 'एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड' ही फाइल पाहा; प्रत्येक प्रोग्रामआधी कुठली लायब्ररी लोड करायची ते ती सांगते. बहुतेक सर्व्हरवर ती नसतेच. तिथे अनोळखी लायब्ररी असेल, तर 'पीएस' (प्रोसेसची यादी) आणि 'एलएस' (फाइलची यादी) या कमांड तुम्हाला तिला हवं तेवढंच दाखवतात. म्हणून वरचं सगळं उतरवून झाल्यावरच रेस्क्यू मोडमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या वेगळ्या स्वच्छ सिस्टमवरून, बूट करून तपासा. एक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टम) डिस्क नुसती रीड-ओन्ली माउंट केली, म्हणजे फक्त वाचण्यासाठी जोडली, तरी जर्नलमधले अर्धवट राहिलेले बदल तिच्यावर लिहिले जाऊ शकतात. माउंट करताना सोबत 'नोलोड' हा पर्याय द्या.

मग बघायचं ते: प्रत्येक युजरच्या 'ऑथराइज्ड कीज' (लॉगिनला परवानगी असलेल्या की), रूटच्याही, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), सिस्टमडीच्या सर्व्हिस आणि टायमर, यूआयडी ० (रूटचा क्रमांक) असलेलं दुसरं खातं, 'टेम्प' आणि 'डेव्ह-शेअर्ड मेमरी'मधल्या चालवता येणाऱ्या फाइल. फाइलची 'एमटाइम' (मजकूर बदलल्याची वेळ) 'टच' या एका कमांडने खोटी करता येते, 'सीटाइम' (फाइलच्या नोंदीत बदल झाल्याची वेळ) तितकी सहज नाही. त्यामुळे घटनांचा क्रम लावताना 'सीटाइम'च धरा.

मालवेअर पुसून तोच सर्व्हर पुढे वापरायचा मोह होतो. रूट गेला असेल तर माझ्या मते तो विचारच करू नका. एक दार सापडलं म्हणजे दुसरं नाही, असं होत नाही. पण उलट घाईही तितकीच वाईट. शिरकाव कुठून झाला हे न शोधता नवा सर्व्हर लावला, तर तोही त्याच वाटेने जातो. पासवर्डविना इंटरनेटवर उघडा पडलेला रेडिसचा (एक डेटाबेस) ६३७९ पोर्ट, डॉकरचा (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) २३७५, जुनं प्लगइन, साधा एसएसएच पासवर्ड, इथून सुरुवात करा.

नव्या सर्व्हरवर जुन्यातून फक्त डेटा आणा, प्रोग्राम नाही. कोड गिटमधून घ्या, पण तिथेही अनोळखी कमिट नाहीत ना ते पाहून. अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी फाइल असायचं कारण नाही. डेटाबेसमधली अ‍ॅडमिन खाती एकेक करून तपासा, वेबशेल (ब्राउझरमधून सर्व्हरवर कमांड चालवू देणारी फाइल) काढूनही घुसखोर तिथून परत येऊ शकतो. डेटाबेसचे पासवर्ड, एपीआय की, टीएलएसची खासगी की, सगळं नवं करा, आणि ते जुन्या मशीनवर बसून नव्हे.