तुम्ही विचारलंत म्हणून: मांस खराब आहे की माझं नाक?

"आम्हाला कुणालाच येत नाही, मग तुम्हालाच कसा वास येतो?" कच्चं मांस ओट्यावर आलं की हा प्रश्न ठरलेला. इतकी वर्षं "येतो बाबा मला" म्हणून सोडून दिलं. आता नीट सांगते.

खोड मांसात असू शकते, तशी नाकातही. प्रश्न टाळायला म्हणत नाही. खच्ची न केलेल्या नर डुकराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य साठतं. त्याचा वास काहींना घामट, मुतासारखा येतो, काहींना गोडसर, तर काहींना मुळीच येत नाही. हा फरक ओआर७डी४ या गंधग्राहकाच्या जनुकाशी जोडलेला आहे, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे एकाच तुकड्याभोवती तीन माणसं तीन गोष्टी सांगतील आणि तिघंही खरंच बोलत असतील. मग "तुझ्या मनाचे खेळ" असं कुणी म्हटलं की राग येणार नाही तर काय?

बोकडाचा किंवा थोराड मेंढ्याचा उग्र वासही तसाच, जनावराचा स्वतःचा. तो चरबीतल्या काही मेदाम्लांमधून येतो आणि त्याचा नासण्याशी संबंध नाही. चरबी काढून टाकली की बराच उतरतो. खात्री करायची असेल तर चरबीचा पेराएवढा तुकडा कोरड्या तव्यावर गरम करून हुंगा. असे वास गार असताना दबलेले असतात, तापल्यावर उघडे पडतात.

आता ते पाकीट, ज्यावरून मला अजून ऐकावं लागतं. हवा काढून बंद केलेलं लाल मांस, तारीख उलटलेली नाही, फ्रीजमध्ये नीट ठेवलेलं. कापलं आणि आंबूस, अंड्यासारखा भपकारा आला. रंग जांभळट, तळाशी लालसर पाणी. दहा सेकंदांत मी ते कचऱ्यात टाकलं. घरात कुणालाही वास आला नव्हता.

वास खरा होता, हे मी आजही सांगेन. पण त्याचा अर्थ मी घाईने लावला. हवा नसलेल्या पाकिटात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू सावकाश वाढतात. त्यांचा आंबूसपणा आणि थोडे गंधकयुक्त वायू आत कोंडून राहतात. हायड्रोजन सल्फाइड तर अगदी अत्यल्प असलं तरी नाकाला कळतं. जांभळट रंग हा प्राणवायू न मिळालेल्या मायोग्लोबिनचा, म्हणजे मांसाला रंग देणाऱ्या प्रथिनाचा, हवा लागली की तो लाल होतो. तळाचं पाणीही रक्त नसतं, मांसातलंच पाणी आणि तेच मायोग्लोबिन. करायला हवं होतं ते असं: मांस बाहेर काढून पाणी निथळायचं, कागदाने टिपायचं, ताटलीत पसरून वीस ते तीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचं, आपण त्या वेळात स्वयंपाकघराबाहेर जायचं आणि परत येऊन पहिल्या दोन-तीन छोट्या श्वासांवरच ठरवायचं. पहिल्याच श्वासांवर, कारण नाक काही मिनिटांत वासाला सरावतं. ओट्याजवळ रेंगाळणाऱ्याला वास न येणं हा पुरावा नव्हे, हे मी त्या दिवशीही सांगितलं होतं. अर्ध्या तासानंतरही वास तसाच असता किंवा बोटाला बुळबुळीत लागलं असतं, तर टाकणं बरोबर होतं. मी तो अर्धा तास दिलाच नाही. त्यामुळे ते मांस चांगलं होतं की नव्हतं, हे आता मलाही सिद्ध करता येत नाही.

त्याहून मोठी चूक मात्र उलट्या बाजूची होती. वास नाही म्हणजे धोका नाही, असं मी वर्षानुवर्षं ठामपणे सांगायचे. ते चूक होतं. साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर हे आजारी पाडणारे जिवाणू मांसात असले तरी ते नाकाला कळत नाहीत. मांस नासवणारे स्यूडोमोनास वेगळे, आणि तेही आधी ग्लुकोज खातात. तोवर फारसा वास नसतो. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक कोटीपर्यंत त्यांची संख्या गेली, ग्लुकोज संपलं, की ते अमिनो आम्लांकडे वळतात आणि मग अमोनिया, सल्फाइडं, अमाइनं अशी घाण वासाची द्रव्यं बाहेर पडतात. म्हणून सकाळी ठीक वाटलेला तुकडा संध्याकाळी एकदम दुर्गंधी मारतो. सुरक्षिततेसाठी दिवस मोजावेत: चार अंश सेल्सिअस किंवा त्याखाली कोंबडी आणि खिमा एक ते दोन दिवस, लाल मांसाचे अखंड तुकडे तीन ते पाच. कोंबडी आतपर्यंत ७४ अंशांना शिजली पाहिजे.

"लिंबू चोळ, जाईल वास," हा सल्ला मला देऊ नका. आम्लामुळे अमाइनांचे क्षार बनतात, ते हवेत उडत नाहीत, म्हणून वास दबतो. जिवाणू तिथेच राहतात. कोंबडी नळाखाली धुतली तर उडणाऱ्या थेंबांबरोबर ते ओट्यावर पसरतात.

फ्रीझरमधला खवट वास आणखी निराळा. उणे १८ अंशांना जिवाणूंची वाढ थांबते, चरबीचं ऑक्सिडेशन थांबत नाही. कोंबडी आणि डुकराच्या चरबीत ते लवकर होतं. खाल्ल्याने सहसा आजार होत नाही, पण चव गेलेली असते.

आणि हो, कधीकधी दोष नाकाचाच असतो. कोविड किंवा मोठ्या सर्दीनंतर मांस अचानक कुजकं वाटू लागलं, तर कॉफी आणि परतलेला कांदा हुंगून पाहा. तेही घाण वाटले तर मांसाला दोष देऊ नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

राहतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा लाल मांसाचा तुकडा. मोजणीत बसतो, हाताला चिकट नाही, आणि वास फक्त मला येतो. तो मी खात नाही. इतरांना अडवायचं की नाही, यावर माझं अजून एकमत झालेलं नाही, स्वतःशीसुद्धा.