भाकरी ओळखणारा आहारसल्ला

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात १९७२ मध्ये युगांडातून हाकलली गेलेली हजारो गुजराती माणसे स्थिरावली, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार येथील एक तृतीयांशाहून अधिक लोक भारतीय वंशाचे आहेत. त्यामुळे येथील आरोग्यसेवेला आपल्या देहाचा आणि ताटाचा विचार करावाच लागला. दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेह कमी वयात आणि कमी वजनावर गाठतो. म्हणून बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या आकड्याची, धोक्याची रेषा इतरांसाठी २५ असली तरी आपल्यासाठी २३ धरावी, अशी शिफारस ‘नाइस’ या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये केली. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हा फरक पाचेक किलोंचा पडतो, म्हणजे जळगावात ज्याला बेताच्या अंगाचा म्हणतील तोही येथील नर्सच्या नजरेतून सुटत नाही.

मधुमेहींसाठी येथे गटाने शिकवण्याचे वर्ग असतात. माझ्या सासूबाई मूळच्या यावल तालुक्यातल्या. आमच्याकडे कायमच्या राहायला आल्यावर त्यांनाही असा वर्ग मिळाला. पहिल्या पत्रकात ओट्स आणि ब्राउन ब्रेड होता, गुजराती पत्रकात ढोकळा आणि थेपले. सासूबाईंनी दोन्ही कागद घडी घालून पिशवीत टाकले. फरक पडला तो आहारतज्ज्ञ बाईंनी “काल रात्री काय जेवलात?” असे विचारले तेव्हा. उत्तर होते शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. ज्वारीसोबत सालासकट उडीद दळलेला असतो हे कळल्यावर बाईंनी भाकरी बंद केली नाही, फक्त दोनाची एक करायला सांगितली, आणि मग मोर्चा तर्रीकडे वळवला: तेल कढईत ओतायचे नाही, चमच्याने मोजायचे, आणि शेव मूठभरच. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आमरस आणि श्रावणात खानदेशात बसवल्या जाणाऱ्या कानबाई देवीचे रोट चुकणार नाहीत हे बाईंनी गृहीतच धरले व त्या दिवसांच्या प्रमाणाविषयी बोलल्या. स्वयंपाक मी करते म्हणून मलाही शेजारी बसवले, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटले.

सगळेच इतके नीट होत नाही. हिवाळ्यात येथील ऊन पुरत नाही, म्हणून त्या काळात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा सरकारी सल्ला आहे. भुसावळच्या उन्हात जन्म काढलेल्यांना हे पटवणे आधीच अवघड. त्यात ओळखीच्या एका शाकाहारी काकूंनी कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य, असल्याचे समजताच ती सोडून दिली. डॉक्टरांनी विचारले नाही आणि काकू बोलल्या नाहीत. जिलेटिन नसलेली गोळी मात्र त्याच दुकानात मिळत होती. दुभाष्याची सोय मोफत असूनही पुष्कळ घरांत मुलगाच मध्ये बसतो, आणि लघवीचा त्रास कोणती आई मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगेल?

हे सारे पाहताना मला नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणारी पावरा आणि भिल्ल कुटुंबे आठवतात, कारण परमुलखात आजारी पडणे त्यांच्याही वाट्याला येते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा किंवा गरोदरपणाच्या काळजीचा फलक पावरी बोलणाऱ्या बाईपुढे प्रमाण मराठीत टांगण्यापेक्षा, दिवाळीच्या सुमारास टोळी निघण्याआधी तिच्याच बोलीतल्या आशाताईने पाड्यावर बसून, तिच्या सासूलाही सोबत घेऊन बोलणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते.