मातीचा रिपोर्ट आला तेव्हा पाऊस सुरू होऊन महिना झाला होता

सावली तालुक्याच्या बाजूला मही नदीकाठी बाबांची जमीन आहे, आम्ही राहतो बडोद्यात दांडिया बाजारला. वरचा तुकडा गोराडू, म्हणजे रेताड, मोटर बंद करून वळेपर्यंत पाणी गायब. खालच्यात उलटं, चार-चार दिवस पाणी साचतं, सुकलं की वर पांढरट पापुद्रा आणि खाली दगडासारखी ढेकळं. भागिया, म्हणजे वाट्याने शेती करणारा, म्हणाला, बेन, जिप्सम नाखी दो (ताई, जिप्सम टाका). मी म्हटलं आधी तपासून घेऊ, आणि तिथेच अडकले.

मार्चमध्ये दोन्ही तुकड्यांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत दिली, पंधरा दिवस सांगितले होते. मग स्कूटरवर चार चकरा, दर वेळी "सोमवारे आवजो" (सोमवारी या). मे महिन्यात कळलं की सर्व्हे नंबर एकच म्हणून दोन्ही पिशव्या एकाच नावावर चढवल्या, आता परत माती आणा! आणली. रिपोर्ट हातात आला जुलैत. खालच्या तुकड्याचा पीएच ९.२, ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) १.१, म्हणजे सोडियम जास्त असलेली चोपण जमीन. खाली युरिया आणि सुपर फॉस्फेटचे डोस, पण जिप्सम किती टाकायचं ते कुठेच नाही. विचारलं तर म्हणे ते फॉर्मवर वेगळं लिहून द्यायला लागतं. अहो, फॉर्मवर तसा रकानाच नाही! मला अजून राग येतो, कारण जिप्सम पावसाच्या आधी मातीत जायला हवं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, पण तो सोडियम खाली धुवून न्यायला भरपूर पाणी लागतं, ते पाणी पाऊस फुकट देतो. आमचं पूर्ण वर्ष गेलं.

वाट बघताना एक करून बघितलं, काचेच्या बाटलीत पावसाचं पाणी आणि मूठभर माती हलवून ठेवली. वरच्या तुकड्याची सकाळी निवळली होती, खालच्या तुकड्याची दुसऱ्या दिवशीही चहासारखी गढूळ, ही सोडियमचीच खूण.

आणि हो, पीएच ८.५ च्या खाली पण ईसी ४ च्या वर असेल तर ती नुसती खारी जमीन, तिथे जिप्समवर पैसे घालू नका, बांध घालून पाणी भरा आणि निचरा करा. बोअरचं पाणीही सोबत तपासा. माती बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची घेऊ नका हे आधी सांगायला हवं होतं.

पुढच्या वर्षी मेअखेर एकरी २ टन जिप्सम वरच्या चार इंचांत मिसळलं, पावसाचं पाणी बांधात अडवलं, मग ढैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून ४५ दिवसांनी गाडला. रेताड तुकड्यात तलावाचा गाळ आणि शेणखत, युरिया एकदम न देता थोडा थोडा, पाणीही कमी पण लवकर लवकर, बाजरी छान आली.

खाली आता पाणी दिवसभरात जिरतं. यंदा गहू आहे, मधल्या दोन चट्ट्यांत अजून विरळच, तिथली माती परत देणारे, फॉर्मच्या वरच मोठ्या अक्षरात "जिप्सम किती लागेल ते सांगा" लिहून.