कोरा कागद आणि पाचची फ्रंट साइट

कोल्हापुरात एअर पिस्तुल शिकवतो मी. पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं मेडल आणल्यापासून विचारायला येणारे आईबाप वाढलेत, आणि गंमत म्हणजे तो रायफलवाला, पण निम्मी पोरं येऊन पिस्तुलच मागतात. आमच्याकडं बरं असं पिस्तुल एकच, त्यावर चौघंजण आळीपाळीने सराव करतात. त्यातली ही नववीतली पोरगी, उंचीनं जेमतेम पाच फूट.

तीन आठवडे तिचे शॉट डावी-उजवीकडं पसरत होते. दहा शॉटची सिरीज शंभरपैकी 82, मग 79, मग परत 81. वर-खाली ठीक, आडवं मात्र सगळं फाकलेलं. मी आपलं ठरवून टाकलं की बोट चुकतंय, ट्रिगर झटकतेय. रोज तेच, "अगं हळू दाब, हळू." घरी जाऊन रोज शंभर वेळा ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायची बिचारी. फरक शून्य.

त्या दिवशी वैतागून टार्गेट उलटं लावलं. मागची बाजू कोरी पांढरी, काळं वर्तुळच नाही. म्हटलं नेम धरू नकोस, नुसती फ्रंट साइट (नळीच्या टोकाची उभी पट्टी) नॉचच्या, म्हणजे मागच्या साइटमधल्या खाचेच्या, मधोमध ठेव आणि मार. दहा शॉट मारले आणि कागद जवळ आला तेव्हा मी गप्पच झालो, सगळा ग्रुप दोन रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा. म्हणजे बोट ठीक होतं, मनगट ठीक होतं, घोळ काळं दिसलं की होत होता.

विचारलं, "काळं आणि साइट, दोन्ही कसं दिसतंय गं?"

"सर, दोन्ही सारखंच रुंद दिसतंय. मी साइटच्या कडा काळ्याच्या कडांशी जुळवते."

आता पेटली ट्यूब. टेप आणला, डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंत मोजलं, 84 सेंटिमीटर. साइट होती 5 मिमीची, आमच्या सहाफुटी पोरासाठी लावलेली, त्याचं तेच अंतर 98. हिशोब साधा आहे, 10 मीटरवरच्या टार्गेटवर 5 मिमीची साइट त्याला साधारण 51 मिमी रुंद दिसते आणि हिला 59 च्या वर. टार्गेटवरचं काळं असतं 59.5 मिमी. तंतोतंत! मग डोळा कडा जुळवायला काळ्याकडं पळणार, साइट धूसर होणार आणि नॉचमध्ये ती किती सरकली ते कळणारच नाही. आणि तिथं पाव मिलिमीटर सरकलं की टार्गेटवर जवळजवळ 8 मिमी, म्हणजे अख्खी एक रिंग गेली.

(काळ्याएवढी किंवा त्याहून रुंद साइट लावून उत्तम मारणारे सीनियर मी पाहिलेत, त्यामुळं हा नियम वगैरे नाही, हिच्या डोळ्याला ते झेपत नव्हतं एवढंच.)

आमची फ्रंट साइट फिरवून 4, 4.5 किंवा 5 करता येते. साडेचार केली आणि आता बघ म्हणून ऐटीत मागं उभा राहिलो. सिरीज आली 76. पोरीचं तोंड एवढंसं झालं. चूक परत माझीच, नॉच तशीच ठेवली होती. हात आखूड असला की नॉच डोळ्याच्या जवळ येते, त्यामुळं मुळातच तिला साइटच्या दोन्ही बाजूंना उजेड जास्त दिसत होता, त्यात मी साइट बारीक केली, म्हणजे आधीच मोठ्या दारातला खांब आणखी बारीक करावा तसं झालं. नॉचही साडेचार मिमी रुंद होती, ती ॲलन कीनं थोडी थोडी आवळत आणली, प्रत्येक वेळी विचारत, "आता?" "अजून सर." "आता?" "आता बास." मोजली तर 3.8 च्या आसपास.

पुढची सिरीज 87, त्यानंतरची 88. मग लगेच हिला हुरूप, "सर, 4 लावूया की, अजून बारीक, अजून छान दिसंल." नाही म्हटलं. बारीक साइट सुबक दिसते खरी, पण हाताचा प्रत्येक थरथराट मोठा वाटायला लागतो आणि पोरं तो थांबवण्यात ट्रिगर विसरतात. हट्ट काही सोडला नाही तिनं, शेवटी पाच शॉट मारू दिले, मग स्वतःच म्हणाली नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंच पोरगा आला, मी चहा प्यायला गेलो होतो, परत आलो तर तो पिस्तुलाकडं असा बघतोय जसं काही कुणी त्याची चप्पल नेलीय. "सर, ह्याला काय केलंय? कायच दिसंना झालंय." सेटिंग परत फिरवायचं मी साफ विसरलो होतो. आता पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय, चौघांची नावं, फ्रंट किती, नॉच किती. आणि पिस्तुल कुणी उचललं की आधी झाकण वाचायचं, मी धरून.