आउटपुट व्हॉल्व्ह बदलताना: स्टिरिओ ७० आणि ईएल३४

व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचे आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या, बदलायची वेळ आली की सगळ्यात आधी विचारलं जातं, "कोणत्या कंपनीचे घेऊ?" माझ्या मते हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी सर्किटला काय चालतं ते पाहायचं: हीटरला (इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड तापवणाऱ्या तारेला) किती करंट लागतो, प्लेट (ते इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) किती वॅट सोसते, स्क्रीनला (प्लेटजवळच्या जाळीला) किती व्होल्ट चालतात आणि ग्रिडला (करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीला) जास्तीत जास्त किती ओहमचा रेझिस्टर चालतो. ही चार उत्तरं जुळली की कंपनी आवडीने निवडावी.

उदाहरणाला डायनाको स्टिरिओ ७० हा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर घेऊ. डेव्हिड हॅफ्लर यांच्या कंपनीने हा अमेरिकेत १९५९ मध्ये किट म्हणून बाजारात आणला. आजही तो खूप घरांत वाजतो आणि त्याच्या नकला अजून बनतात. प्रत्येक चॅनलला दोन, असे चार ईएल३४ आउटपुट व्हॉल्व्ह, एसीचा डीसी करणारा एक जीझेड३४ रेक्टिफायर, आधीच्या टप्प्यासाठी दोन ७१९९ व्हॉल्व्ह, आणि चॅनलमागे ३५ वॅट. आउटपुट ट्रान्सफॉर्मर अल्ट्रालिनिअर जोडणीचे आहेत, म्हणजे स्क्रीन ग्रिड ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर जातो आणि त्याचा डीसी व्होल्टेज जवळजवळ प्लेटइतकाच असतो. व्हॉल्व्ह निवडताना ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

मुळात बदलायची गरज आहे का, हे आधी तपासा. स्टिरिओ ७० मध्ये दर चॅनलला बायस (ग्रिडवरचा ऋण व्होल्टेज, ज्यावर व्हॉल्व्हचा करंट ठरतो) ठरवायला एकच पोट, म्हणजे फिरवायचा पोटेन्शिओमीटर, आणि दोन्ही कॅथोडमध्ये मिळून एकच १५.६ ओहमचा रेझिस्टर आहे. त्यावर १.५६ व्होल्ट आले म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिळून १०० मिलिअँपिअर घेतायत. पोट पूर्ण फिरवूनही आकडा तिथे पोहोचत नसेल, किंवा एका तासात सतत वर-खाली होत असेल, तर व्हॉल्व्हवर संशय घ्यायला जागा आहे. पण नुसता आवाज "मंद वाटतो" म्हणून चारही काढू नका. मूळ सेटमध्ये बायससाठी सेलेनियम रेक्टिफायर आहे. तो म्हातारा होतो, ऋण व्होल्टेज कमी पडतो आणि दोष व्हॉल्व्हवर येतो. सेलेनियम काढून साधा सिलिकॉन डायोड घालणं हे नव्या व्हॉल्व्हच्या आधीचं काम आहे. बायसच्या कपॅसिटरचंही तेच.

आता निवड. ईएल३४ च्या हीटरला ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर लागतात. चारांचे ६, दोन ७१९९ चे ०.९, एकूण ६.९ अँपिअर. या अॅम्प्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर आधीच चांगला तापतो. म्हणूनच "ईएल३४ ऐवजी मोठा केटी८८ व्हॉल्व्ह घाल, दमदार वाजेल" हा सल्ला मला पटत नाही. केटी८८ चा हीटर १.६ अँपिअरचा, म्हणजे चारांत ०.४ ची भर. ती एखादा ट्रान्सफॉर्मर सोसेलही, पण खरी अडचण ग्रिडशी आहे. स्टिरिओ ७० मध्ये ग्रिडचा रेझिस्टर २७० किलोओहमचा. ईएल३४ ला फिक्स्ड बायसमध्ये (इथल्यासारखा वेगळ्या सप्लायचा ठरावीक ऋण व्होल्टेज असताना) ५०० किलोओहमपर्यंत चालतं, केटी८८ ला मात्र २२० पर्यंतच, तेही प्लेट आणि स्क्रीन मिळून ३५ वॅटच्या आत असेल तरच. ६५५० या दुसऱ्या मोठ्या व्हॉल्व्हला तर फक्त ५०. वॅटही वाढत नाहीत, कारण ताकद ठरते ती पॉवर सप्लाय आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. खिशाला चाट बसते आणि हाती काही लागत नाही.

ग्रिड रेझिस्टरची मर्यादा का असते, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण प्लेट तापून लाल होऊन गेलेल्या कितीतरी व्हॉल्व्हची मुळं तिथेच सापडतात. कुठल्याही व्हॉल्व्हमध्ये निर्वात पूर्ण नसतो. उरलेल्या वायूमुळे ग्रिडमधून उलटा करंट वाहतो, अगदी थोडा. समजा तो ५ मायक्रोअँपिअर आहे. २७० किलोओहममधून वाहताना त्यावर १.३५ व्होल्ट उभे राहतात आणि तेवढा बायस कमी होतो. ईएल३४ चा ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडवरच्या एका व्होल्टने करंट किती बदलतो ते) १०० मिलिअँपिअरला व्होल्टमागे ११ मिलिअँपिअर आहे, ५० ला त्याहून कमी. तरी १.३५ व्होल्टचे दहा-एक मिलिअँपिअर सहज होतात. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णतेने आणखी वायू, आणखी ग्रिड करंट. चक्र सुरू झालं की प्लेट लाल व्हायला वेळ लागत नाही. रेझिस्टर लहान असेल तर हे चक्र सुरूच होत नाही. मग २७० काढून १०० किलोओहम घालावा का? तर तो आधीच्या टप्प्यावर भार होतो आणि त्या टप्प्याला ग्रिडशी जोडणाऱ्या कपलिंग कपॅसिटरबरोबर खालच्या पट्टीतली बाजू कापतो. डिझाइन बदलल्याशिवाय तसं करू नका.

६एल६जीसी हा आणखी एक आउटपुट व्हॉल्व्ह काहींना पर्याय म्हणून आवडतो. त्याचा हीटर ०.९ अँपिअरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला सुटका. प्लेट ३० वॅट सोसते. अडचण स्क्रीनची आहे. त्याची मर्यादा ४५० व्होल्ट, आणि अल्ट्रालिनिअरमध्ये स्क्रीन प्लेटच्या जोडीने चढतो. शिवाय त्याला ईएल३४ पेक्षा जास्त ऋण बायस लागतो, तो या सेटच्या पोटातून मिळतो का हे आधी मोजलं पाहिजे. सॉकेटची जुळणी ठीक आहे. ईएल३४ मध्ये पिन १ हा सप्रेसर ग्रिड असतो आणि तो पिन ८ च्या कॅथोडला जोडलेला असावाच लागतो. उलट बाजूने विचार करा: ६एल६ साठी बनवलेल्या दुसऱ्या एखाद्या अॅम्प्लिफायरमध्ये ईएल३४ खुपसले आणि पिन १ मोकळा राहिला किंवा आधार म्हणून दुसऱ्याच कशाला जोडलेला असला, तर गडबड ठरलेली. तिथे हीटरचा भारही प्रत्येकी ०.६ अँपिअरने वाढतो.

इथे भिंतीवरच्या व्होल्टेजचा हिशोब मांडायलाच हवा. मूळ सेट ११७ व्होल्टसाठी आहे. अमेरिकेतल्या घरांत आज १२० ते १२५ मिळतात. आपल्याकडे २३० चा पुरवठा, त्यामुळे २३० ते ११५ असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि रात्री व्होल्टेज २५० ला चढला की अॅम्प्लिफायरला १२५ पोहोचतात. तेव्हा ६.३ चा हीटर ६.७ वर जातो आणि प्लेटवरचा नेहमीचा ४१५ व्होल्ट ४४३ वर. ६एल६जीसी च्या स्क्रीनला मग जेमतेम सात व्होल्टांची मोकळीक उरते. मी तरी अशा ठिकाणी ईएल३४ च घेईन.

बायस किती ठेवायचा यावर मतभेद आहेत. कारखान्याचा आकडा व्हॉल्व्हमागे ५० मिलिअँपिअर, म्हणजे ४१५ व्होल्टला २०.७५ वॅट, ईएल३४ च्या प्लेटच्या २५ वॅट मर्यादेच्या ८३ टक्के. (यात स्क्रीनचा थोडा वाटाही आला.) ४० ला आणलं तर १६.६ वॅट होतात आणि मीटरवर १.२५ व्होल्ट दिसायला हवेत. आजच्या चढ्या व्होल्टेजला मला ४० चा आकडाच योग्य वाटतो. आवाजात कान लावून शोधावा लागेल इतकाच फरक, पण व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही थंड राहतात.

मॅचिंग, म्हणजे जोडीतले दोन्ही व्हॉल्व्ह सारखाच करंट घेणारे असणं, ही या सेटमध्ये चैन नव्हे, गरज आहे. एकच पोट, एकच रेझिस्टर. एक व्हॉल्व्ह ६० घेतोय आणि दुसरा ४०, तरी मीटर १.५६ च दाखवणार. तो ६० वाला ४१५ ला २४.९ वॅट जाळतोय, म्हणजे मर्यादेवर उभा आहे. शिवाय दोघांतल्या २० मिलिअँपिअरचा फरक आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला चुंबकीय करतो आणि खर्ज सगळ्यात आधी बिघडतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक कॅथोडमध्ये १० ओहमचा एक-एक रेझिस्टर घाला. मग ४० मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट दिसतो आणि कोण किती घेतंय ते कळतं. पोट मात्र चॅनलमागे एकच राहतो, म्हणून जोडी जुळलेली हवीच. पैसे वाचवणारी एक गोष्ट सांगतो: इथे चारचा जुळवलेला संच घ्यायची गरज नाही. दोन चॅनलांना वेगळे पोट आहेत, त्यामुळे दोन जुळलेल्या जोड्या पुरतात. पण खोक्यावरच्या आकड्यांची तुलना एकाच विक्रेत्याच्या मालात करा. एकाने २५० व्होल्टला मोजलेलं आणि दुसऱ्याने ४०० ला मोजलेलं यांचा मेळ बसत नाही.

कंपनीबद्दल थोडक्यात. लेबलवरचं नाव आणि कारखाना यांचा संबंध कधीच तुटलाय. रशियात साराटोव्हच्या एकाच कारखान्यातून टुंग-सोल, जेनलेक्स गोल्ड लायन, सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स आणि आजचा मलार्ड अशा वेगवेगळ्या नावांनी व्हॉल्व्ह निघतात. म्हणजे आजचा मलार्ड इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्याचा नव्हे. जेजे स्लोव्हाकियातली आहे. त्यांच्या ई३४एल ला सहसा थोडा जास्त ऋण बायस लागतो, पोटाची मर्यादा तपासून घ्या. जुने ब्लॅकबर्नचे ईएल३४ सुंदर आहेत यात शंका नाही, पण छापील अक्षरं पुसून नवी छापता येतात, म्हणून काचेवरचा कोरलेला कोड पाहा. आणि विकत घेताना वरचा गेटर (काचेच्या आतला चकचकीत थर) बघा: चंदेरी म्हणजे ठीक, दुधी पांढरा म्हणजे हवा शिरलेली. आतून काचेवर दिसणारी निळी झाक बिघाड नसते. इलेक्ट्रोडच्या मध्ये गुलाबी-जांभळा धूर दिसला तर तो वायू.

बसवताना आधी सॉकेट. पिन ५ चा स्पर्श ढिला असेल तर ग्रिडला बायसच पोहोचत नाही आणि नवाकोरा व्हॉल्व्ह लाल होतो. सेट बंद करून, प्लग काढून, कपॅसिटरवर मीटरने शून्य दिसेपर्यंत थांबा. ४०० व्होल्ट जीव घेतात. मग कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक टोकाने पकड आवळा. व्हॉल्व्ह काच धरून नाही, तर खालचा पाया धरून बसवा आणि मधल्या खुंटीची खाच नीट बघा. खुंटी तुटलेला व्हॉल्व्ह एक पिन सरकून बसतो, तो वापरूच नका.

नवे घालण्याआधी फक्त चार आउटपुट व्हॉल्व्ह काढून सेट चालू करून चारही सॉकेटच्या पिन ५ वरचा ऋण व्होल्टेज मोजा. पोट सर्वाधिक ऋण बाजूला ठेवा. एखाद्या सॉकेटवर तो इतरांपेक्षा कमी ऋण असेल तर कपलिंग कपॅसिटर गळतोय, तो आधी बदला. सगळीकडे सारखा असेल तर सेट बंद करून व्हॉल्व्ह बसवा. स्पीकर जोडलेले हवेत, कारण भाराशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटू शकतं. इनपुटला काही नको. चालू करून पाच मिनिटं प्लेटकडे नजर ठेवा, मग पोट हळूहळू वाढवा. अर्ध्या तासाने पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, वीसएक तास वाजल्यावर पुन्हा.

एखादा लाल झालाच तर ताबडतोब बंद. थंड झाल्यावर तो शेजारच्या सॉकेटमध्ये घाला. लाली त्याच्याबरोबर गेली तर व्हॉल्व्ह खराब, जुन्याच जागी राहिली तर सर्किट. पिन ५ थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर कमी ऋण होत गेला, तर व्हॉल्व्हमध्ये वायू आहे, पैसे परत मागा. काढलेल्या जुन्या जोडीत अजून दम असेल तर खोक्यावर दोघांचे मिलिअँपिअर आणि तारीख लिहून बाजूला ठेवा. पुढच्या वेळी संशय आला की तीच तपासणीची जोडी होते.