तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या जखमा कशाला उकरायच्या?

व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, लग्नाच्या पंगतीतही विचारतात: "ताई, मुंबईतल्या '92-93 च्या हिंदू-मुस्लिम दंगलींना एवढी वर्षं झाली. लोक विसरले, कामाला लागले. तुम्ही पुन्हा त्यांच्याकडे जाऊन कशाला विचारता?" विचारणाऱ्यांना बहुतेकदा मनापासून वाटत असतं की दुखऱ्या जागेला हात लावू नये. म्हणून नीट सांगते.

मी मानववंशशास्त्राची अभ्यासक. राजकीय हिंसेनंतर वस्त्या कशा जगतात, हा माझा विषय. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दोन महिन्यांत मुंबईत काय घडलं, ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने शोधलं. 1996 च्या जानेवारीत सरकारने आयोग गुंडाळला, काही महिन्यांनी तो पुन्हा सुरू झाला आणि 1998 मध्ये अहवाल आला. त्यात 900 मृत्यू नोंदलेले आहेत. 575 मुस्लिम, 275 हिंदू, 5 इतर, आणि 45 जणांचा धर्मही कळला नाही. माझं काम या आकड्यांच्या पुढे सुरू होतं.

आणि मी दंगलीच्या रात्रीबद्दल विचारतच नाही. विचारते ते एवढंच, की तुम्ही इथे राहायला कधी आलात? दंगलीनंतर मुंबईतली बरीच मुस्लिम कुटुंबं ठाण्यापलीकडच्या मुंब्र्यात राहायला गेली; तिथे या प्रश्नावर माणसं आपणहून बोलू लागतात. जोगेश्वरीची खोली मिळेल त्या भावाला विकली, सासऱ्यांचं दुकान सुटलं, धाकट्याची शाळा मध्येच तुटली, नोकरी तीच राहिली म्हणून रोजचा लोकलचा प्रवास दुपटीने वाढला. मुस्लिमबहुल गल्ल्यांमधून निघून गेलेली हिंदू कुटुंबंही असंच सांगतात. ज्याचा पत्ताच दंगलीने ठरवला, त्याने ती विसरायची कशी? विसरणं आपल्याला जमलं, कारण आपलं घर जागच्या जागी होतं.

सगळ्यात कठीण असतं ते बेपत्ता माणसांच्या घरी. नवरा बाहेर पडला आणि परतला नाही. प्रेत नाही, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही, म्हणून खोली नावावर होत नाही, बँकेतले पैसे निघत नाहीत, भरपाईचा अर्ज अडतो. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर कायदा त्याला मृत धरतो. पण तोवर मुलं शाळेतून बाहेर पडायच्या वयाची होतात. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे काय लिहायचं, बांगड्या ठेवायच्या की काढायच्या, नवस बोलायचा की दिवस घालायचे, हे सगळं त्या बाईला एकटीला ठरवावं लागतं. सासरचे एक सांगतात, माहेरचे दुसरं.

नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हिशेब आला: 168 बेपत्ता, त्यांतल्या 60 जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळालेली, 108 कुटुंबं राहिलेली. त्यांचे वारस शोधा आणि व्याजासकट पैसे द्या, असा आदेश झाला. जवळजवळ तीस वर्षांनी! मग सांगा, जखम उकरणारी मी, की ती कधी बांधलीच गेली नाही?

शहराला आठवण नको असते, असंही नाही. दर 1 मे ला हुतात्मा चौकात फुलं वाहिली जातात, आणि वाहिलीच पाहिजेत. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला पोलिसांच्या गोळीबारात 10 जण गेले. तिथली माणसं दरवर्षी त्यांना अभिवादन करतात. तिथल्या बायका मरणाबद्दल बोलताना एकमेकींची वाक्यं पुरी करतात. जिथे दुःख असं चारचौघांत मांडता येतं, तिथे ते एकट्या घरावर कोसळत नाही. बेपत्ता माणसाच्या बायकोला ही सोबत कधीच मिळालेली नाही. माझ्या अभ्यासातून मला ठामपणे कळलेली गोष्ट ही आहे, आणि मी काम सोडत नाही ते त्यामुळेच.

हल्ली मी '93 नंतर जन्मलेल्यांशी जास्त बोलते. त्यांनी काही पाहिलेलं नाही. पण काळोख पडला की आई फोनवर फोन का करते, अमुक स्टेशनवर उतरू नको असं का म्हणते, हे त्यांना जाणून घ्यायचंय. घरात विचारायची सोय नाही, म्हणून ते मलाच विचारतात. मी त्यांना अहवालातलं त्यांच्या जुन्या वस्तीबद्दलचं पान काढून देते, आणि त्यांची हरकत नसेल तर पुढच्या खेपेला आईलाही सोबत आणायला सांगते.