सेल्कीचा लघुपट: पाण्यातला शॉट पेन्सिल टेस्टपर्यंत

कातडं पांघरून बाई समुद्रात शिरते आणि सील होते, हा माझ्या हाताने काढलेल्या ॲनिमेशन लघुपटातला शॉट एकदाचा पेन्सिल टेस्टपर्यंत, म्हणजे कच्च्या रेघांनी हालचाल तपासण्यापर्यंत आला. रंग नाही, पार्श्वभूमी नाही, नुसत्या रेघा. पण आता ती पोहताना सील वाटते, जलपरी वाटत नाही.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: सेल्की समुद्रात सील असते आणि किनाऱ्यावर कातडं उतरवलं की माणूस. कुणी कातडं लपवलं की ती अडकते. मग लग्न होतं, मुलं होतात आणि एक दिवस कातडं सापडतं. स्कॉटलंडच्या नॉर्थ युइस्ट बेटावरचे मॅककॉड्रम आणि आयर्लंडच्या कॉनेमारातले कॉनीली ही घराणी तर सीलच्याच वंशातली, असं तिकडे सांगतात. मी काढतेय तो परतीचा प्रसंग.

हे वेड डोक्यात घातलं ते आयर्लंडमधल्या किलकेनीच्या कार्टून सलून या ॲनिमेशन स्टुडिओनं, म्हणजे दिग्दर्शक टॉम मूरच्या ‘साँग ऑफ द सी’ या सेल्कीवरच्या सिनेमानं (२०१४). आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सुट्टीत मूरला मारून टाकलेले सील दिसले. लोक सेल्कीच्या गोष्टी मानत होते तेव्हा असं होत नसे, असं तिथल्या एका बाईनं त्याला सांगितलं. सिनेमाचं मूळ तिथलं. म्हणूनच माझ्या चित्रात सीलचं शरीर खरं असावं, हा माझा हट्ट.

आता मुद्द्याचं. जलपरीची शेपटी वर-खाली हलते, डॉल्फिनसारखी. सीलचं तसं नाही. तो मागचे दोन फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, डावी-उजवीकडे मारतो. एक पसरतो तेव्हा दुसरा मिटलेला असतो. पुढचे फ्लिपर बहुतेक वेळ अंगाला चिकटलेले. संदर्भासाठी व्हिडिओ शोधाल तर जपून: मत्स्यालयांतले बरेचसे व्हिडिओ सी-लायनचे निघतात. कान बाहेर दिसले आणि पुढचे फ्लिपर पंखांसारखे हलले, तर तो आपल्या कामाचा नाही.

गंमत अशी की डावी-उजवी हालचाल बाजूनं पाहिली तर दिसतच नाही, फ्लिपर कॅमेऱ्याकडे येतो आणि जातो. म्हणून लेआउटच, म्हणजे शॉटची मांडणीच बदलली आणि कॅमेरा थेट डोक्यावर नेला. वरून पाण्याची वर्तुळं सपाट नक्षीसारखी मांडता येतात. ‘साँग ऑफ द सी’त खोलीचा भास बाजूला ठेवून वर्तुळं आणि सर्पिलं वापरली आहेत, त्याच्या जवळ जाता आलं. रूपांतरही सोपं झालं: हात कुशीला चिकटतात, पाय जुळतात, तळवे समोरासमोर येतात आणि तिथेच फ्लिपर उघडतो. मध्ये धूर नाही, चमचम नाही. ती मला आवडतच नाही.

टायमिंग: सेकंदाला २४ फ्रेम, बहुतेक ऑन टूज, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम टिकतं, सेकंदाला १२ ड्रॉइंग. एक फटकारा १६ फ्रेमचा. पहिला फटकारा मात्र ऑन वन्स, म्हणजे दर फ्रेमला नवं ड्रॉइंग, कारण तिथे जोर दिसायला हवा. केस शरीरामागून उशिरा पोचतात आणि कातड्यात नाहीसे होतात. सगळ्यात जास्त खोडरबर तिथेच झिजला.

काम लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणारी काच), कागद जागेवर धरणारी पेगबार पट्टी लावून. स्कॅन केल्यावर कृता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये. मूरच्या टीमनं टीव्हीपेंट हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरलं होतं. कृता फुकट आहे, माझ्या खिशाला तेच बरं. जलरंगाच्या पार्श्वभूमीला अजून हात लावलेला नाही. पावसाळ्यात कागद वाळत नाही आणि ओल्यावर ओलं टाकलं की कडा मनाला येईल तशा फुलतात. समुद्राला चालेल ते, खडकांना नाही.

पुढचा प्रश्न कातड्याचा. सिनेमातल्या सिर्शा या सेल्की मुलीचा कोट पांढरा आहे आणि ग्रे सील या जातीची पिल्लंही पांढरीच जन्मतात. साधारण तीन आठवड्यांत ते केस गळतात. माझी बाई मोठी, म्हणजे करडी आणि ठिपकेदार. हाताने काढलेले ठिपके प्रत्येक ड्रॉइंगमध्ये थोडे सरकतात आणि अंग उकळल्यासारखं दिसतं. सध्या मोजकेच मोठे ठिपके ठेवून, त्यांना शरीराच्या वळणाला बांधून बघतेय.